उदगीर : सीमेवरच्या एका बाजारपेठेची कहाणी

उदगीर हे नाव मराठी माणसाला प्रथम भेटते ते शाळेच्या इतिहासाच्या पुस्तकात. ३ फेब्रुवारी १७६० रोजी सदाशिवरावभाऊंनी निजामाचा पराभव केला, साठ लक्षांचा मुलूख व दौलताबाद, अशीरगड, बऱ्हाणपूर, विजापूर अशी नामांकित ठाणी मिळविली, आणि ही विजयवार्ता पुण्यास पोहोचून आनंद होतो न होतो तोच उत्तरेकडून अब्दालीची बातमी आली. भाऊ परतुराहून उत्तरेस निघाले आणि पुढच्या १४ जानेवारीस पानिपत घडले. एवढे सांगून पुस्तक पुढे जाते. ज्या गावाने त्या लढाईला आपले नाव दिले त्या गावाचे पुढे काय झाले, हे विचारण्याची गरज कोणास वाटत नाही.

वसईकडच्या आमच्या वाचकांना येथे एक नाते लक्षात आणून द्यावेसे वाटते. १७३९ मध्ये वसईचा किल्ला पोर्तुगिजांकडून जिंकणाऱ्या चिमाजीअप्पांचे सदाशिवरावभाऊ हे पुत्र. म्हणजे ज्या घराण्याच्या तलवारीने वसईच्या ख्रिस्ती समाजाचे राजकीय भवितव्य बदलले, त्याच घराण्यातील पुढच्या पिढीने एकवीस वर्षांनी मराठवाड्याच्या या कोपऱ्यात निजामास नमविले. मात्र दोन्ही विजयांचे परिणाम सारखे नाहीत. वसई बदलली ती कायमची. उदगीरच्या मोहिमेत मिळालेल्या मुलखातला बराचसा भाग पानिपतानंतर पुन्हा निजामाच्या हाती गेला, आणि उदगीर तर १९४८ पर्यंत निजामी राज्यातच राहिले. भाऊंच्या विजयात मोलाचा वाटा असलेला तोफखान्याचा सरदार इब्राहिमखान गारदी हा आधी निजामाच्याच चाकरीत होता, हेही सांगितले पाहिजे. या मुलखात निष्ठांच्या आणि राज्यांच्या सीमा अशाच सरकत आल्या आहेत.

आम्ही आज उदगीरविषयी लिहीत आहोत ते या सरकत्या सीमांसाठीच. लढाईने या गावाचे फार काही बदलले नाही. एका सरकारी कायद्यातील काही ओळींनी मात्र त्याच्या व्यापाराची तोंडे फिरविली.

प्रारंभी थोडे जुने. उदयगिरी नावाच्या ऋषींवरून गावास हे नाव पडले अशी परंपरा आहे, आणि त्यांची समाधी किल्ल्याच्या आतच आहे. किल्ला भुईकोट, भोवती खोल खंदक. बहामनी राज्य मोडकळीस आले तेव्हा कंधार, औसा व उदगीर ही तीन ठाणी कासिम बरीदाकडे जहागीर म्हणून होती. पुढे बिदरची बरीदशाही उभी राहिली ती याच घराण्याची. नकाशा समोर ठेवून पाहिले म्हणजे या तीन ठाण्यांचे महत्त्व उमगते : बिदरकडून वर गोदावरीकडे जाणाऱ्या वाटा ज्याला हव्या असतील त्याला ही तिन्ही हवीत. १६३६ मध्ये शहाजहानच्या सेनानींनी निजामशाहीचा शेवट केला, त्या वर्षी उदगीर व औसा ही ठाणी शेवटपर्यंत झुंजणाऱ्यांत होती. उदगीरचा किल्लेदार सिद्दी मिफ्ताह याने वेढ्यानंतर किल्ला खानदौरानच्या स्वाधीन केला. एक हबशी किल्लेदार, दक्षिणी मुसलमानांची सत्ता, आत हिंदू साधूची समाधी, आणि भोवती मराठी, कानडी व तेलुगू बोलणारी रयत. उदगीरचे हे मिश्रण आजच्या बाजारातही ऐकू येते.

निजामी अमलात उदगीर बिदर जिल्ह्यातील एक तालुका होता. या काळातील अर्थव्यवहार समजावयाचा तर तीन गोष्टी ध्यानी घ्याव्या लागतात. पहिली म्हणजे हैदराबादचे नाणे वेगळे होते. हाली शिक्क्याचे सात रुपये म्हणजे इंग्रजी कलदाराचे सहा, असा साधारण भाव असे. दुसरी, संस्थानाच्या हद्दीवर करोडगिरी, म्हणजे जकात, भरावी लागे. सोलापूर, बार्शी हे मुलूख इंग्रजी, तेव्हा तिकडे जाणाऱ्या मालावर हा बोजा होता, बिदर, हैदराबादकडे जाणाऱ्यावर नव्हता. तिसरी, सरकारी दप्तर उर्दूत. जुन्या पिढीतील मराठवाड्याच्या वकिलांना उर्दू उत्तम येई ते याच कारणाने, आणि आजही जमिनीचा जुना वाद निघाला की कोणीतरी उर्दू जाणकार शोधावा लागतो. अशा स्थितीत उदगीरच्या अडत्याचे तोंड हैदराबादकडे वळलेले असावे यात नवल नाही. तूर, उडीद, मूग, जवारी, करडई आणि जनावरे हा या भागातला माल.

मग रेल्वे आली, आणि येथे आमच्या मते साऱ्या कहाणीचे मर्म आहे. लातूरला रेल्वे आली ती १९११ मध्ये. बार्शी लाईट रेल्वेची ती चिमुकली अरुंद गाडी संस्थानची हद्द ओलांडून बार्शी, कुर्डुवाडीकडे जाई, आणि कुर्डुवाडीस मुंबईच्या मोठ्या मार्गास मिळे. उदगीरला रेल्वे १९३०च्या आसपास आली. तीही मोठ्या रुळांची, विकाराबादहून बिदर, उदगीर करीत परळी वैजनाथास जाणारी. त्या काळच्या माणसाने दोन्ही गाड्या पाहिल्या असत्या तर उदगीरचे भाग्य मोठे म्हटले असते. उदगीरच्या गाडीत अधिक माल मावे, ती वेगाने जाई, आणि संस्थानच्या राजधानीला थेट जोडलेली होती. लातूरची गाडी खेळण्यासारखी. पण ती मुंबईच्या दिशेने जात होती! राजधानी हैदराबाद असेतोवर हा फरक गौण होता. राजधानी बदलताच तो निर्णायक ठरला.

राजधानी बदलण्याआधी मात्र या भूमीने बरेच सोसले. निजामी राजवटीविरुद्ध आर्य समाजाचे कार्य उदगीरमध्ये लवकर रुजले. भाई बन्सीलाल व भाई श्यामलाल या बंधूंनी ते उभे केले, आणि श्यामलाल यांचा १९३८ मध्ये बिदरच्या तुरुंगात अंत झाला. त्यांच्या स्मृत्यर्थ उभी राहिलेली शाळा उदगीरकरांच्या अभिमानाचा विषय आहे. दुसऱ्या बाजूस रझाकारांचा म्होरक्या कासिम रझवी हा लातूरचा वकील. म्हणजे झगडणारे दोन्ही पक्ष याच परिसरातून निघाले होते. उदगीरजवळच्या हत्तीबेटाच्या डोंगरावर तरुणांनी रझाकारांशी लढे दिले. १७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद भारतात सामील झाले. त्या वेळी आणि त्यानंतरच्या दिवसांत गावोगावी हिंदूंनी सोसले तसे मुसलमानांनीही सोसले. ही दुसरी बाजू आपल्याकडे कमी सांगितली जाते, म्हणून आम्ही ती मुद्दाम नोंदवितो. १९४९ मध्ये जहागिरी रद्द झाल्या, १९५० मध्ये कुळकायदा आला, आणि कसणाऱ्याच्या नावे जमीन लागण्याची प्रक्रिया सुरू झाली.

आता १९५६. राज्य पुनर्रचनेच्या कायद्याने १ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्य संपले. मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला याचा आनंद सर्वांना ठाऊक आहे. पण त्या दिवशी बिदर जिल्ह्याचे काय झाले हे फार थोड्यांना ठाऊक असते. त्याचे तीन तुकडे तीन राज्यांत गेले. अहमदपूर, निलंगा व उदगीर हे तालुके मुंबई राज्यात आले आणि उस्मानाबाद जिल्ह्यास जोडले गेले. नारायणखेड व जहिराबादकडील भाग आंध्रात गेला. खुद्द बिदर, भालकी, हुमनाबाद, औराद हे म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात. भाषेच्या तत्त्वाने पाहता उदगीरचा निर्णय योग्यच होता, आणि बिदर, भालकीकडे मराठी बोलणारे बांधव मागे राहिले त्यांच्याविषयीचा वाद महाजन आयोगाने मिटला नाही, २००४ मध्ये तो सर्वोच्च न्यायालयात गेला. त्या वादात आम्ही येथे शिरत नाही. आमचा प्रश्न साधा आहे : ज्या बाजारपेठेचे अर्धे गिऱ्हाईक पूर्वेस व दक्षिणेस होते, तिच्या दारातच राज्याची सीमा आली तर तिचे काय होते?

पूर्वी एकाच जिल्ह्याच्या कचेरीत कामे असणारी माणसे आता वेगवेगळ्या राजधान्यांकडे पाहू लागली. रस्ते ज्या त्या राज्याने आपापल्या जिल्ह्याच्या गावाकडे चांगले केले. सीमेकडे जाणारा रस्ता कोणाचाच लाडका नसतो. शेतमालाच्या खरेदीचे नियम, कर, नाकी, सहकाराचे कायदे सारे वेगळे झाले. औराद, भालकीचा शेतकरी उदगीरला यायचा थांबला नाही, पण त्याच्या येण्यात अडथळे आले. उदगीरकरांना जिल्ह्याच्या कामासाठी लातूर ओलांडून उस्मानाबाद गाठावे लागू लागले. बिदर जवळ असूनही परके झाले आणि उस्मानाबाद दूर असूनही आपले.

याच काळात लातूर वाढले. ज्याच्या गंजगोलाईत सोळा रस्ते येऊन मिळतात त्या शहरात तूर व तेलबियांचा व्यापार एकवटला, डाळीच्या गिरण्या निघाल्या, महाविद्यालये नावारूपास आली, आणि राज्याच्या मंत्रिमंडळात वजन असलेले नेते लाभले. १६ ऑगस्ट १९८२ रोजी उस्मानाबादमधून लातूर जिल्हा वेगळा झाला व उदगीर त्यात आले. कचेरी जवळ आली ही सोय झाली खरी. परंतु सावलीही जवळ आली. लातूरकरांना दोष देण्याचे कारण नाही. व्यापार सोयीकडे जातो, आणि सोय तिकडे होती. तरी २०१७ मध्ये लातूरहून मुंबईस जाणारी गाडी बिदरपर्यंत वाढविली, तेव्हा आपल्या जागा जातील म्हणून लातुरात आंदोलन झाले. ती बातमी वाचताना आम्हास १९११ आणि १९३०च्या त्या दोन गाड्या आठवल्यावाचून राहिल्या नाहीत. उदगीरच्या रुळांवरून मुंबईस थेट जाता येण्यास राज्य बदलल्यावर साठ वर्षे लागली होती.

आता जनावरांकडे वळू, कारण उदगीरची खरी दौलत तीच. देवणी हे आज स्वतंत्र तालुक्याचे गाव आहे; पूर्वी ते उदगीर तालुक्यात होते. त्या गावाच्या नावाने ओळखली जाणारी गोवंशाची जात या परिसराने शतकानुशतके निवडून, जोपासून घडविली. तिच्यात गीर, डांगी आणि स्थानिक जनावरांचे रक्त असल्याचे जाणकार सांगतात. तिचे तीन प्रकार रंगावरून ओळखतात : अंग पांढरे व तोंडाच्या बाजू काळ्या तो वानेरा, अंग पांढरे, पण खालच्या भागावर काळे ठिपके तो बालंक्या, आणि पांढऱ्या अंगावर सर्वत्र काळे ठिपके विखुरलेले तो शेवरा. बैल काळ्या भारी जमिनीत नांगर ओढणारा, आणि गाय दुधालाही चांगली. हे दोन्ही गुण एका जातीत मिळणे दुर्मिळ. शेजारच्या नांदेड जिल्ह्यात लाल कंधारी ही दुसरी नामांकित जात आहे, ती मुख्यतः ओढकामाची. मार्गशीर्षात माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत या दोन्ही जातींची जनावरे पाहावयास मिळतात. बाजारात दलाल उपरण्याखाली हात घालून बोटांच्या खुणांनी भाव ठरवितात. शेजारी उभ्या असलेल्यास सौदा कळत नाही. ही भाषा मराठी, कानडी, तेलुगू व दखनी या चारही बोलणाऱ्यांना सारखीच येते.

दुधाच्या या भांडवलावर उदगीरमध्ये शासनाने दूध भुकटीचा कारखाना उभारला होता. या भागाच्या दृष्टीने ती फार मोठी घटना होती, कारण कच्चा माल बाहेर न जाता गावातच त्यावर प्रक्रिया व्हावी असा तो पहिला ठळक प्रयत्न. ज्वारीची मळणी वर्षातून एकदा होते, पण दुधाचे पैसे ठरलेल्या दिवशी येतात. अल्पभूधारकाच्या घरातील स्त्रीच्या हाती नियमाने रोकड पडू लागली म्हणजे मुलांच्या वह्यापुस्तकांचा प्रश्न सुटतो, हे ज्यांच्या घरी दोन म्हशी आहेत त्यांना आम्ही सांगावयास नको. हा कारखाना पुढे बंद पडला. सरकारी दूध योजना राज्यभर खचल्या, खाजगी व सहकारी संघ पुढे आले, आणि दुधाचे संकलन रोडावले. तो पुन्हा सुरू व्हावा म्हणून मागण्या होत राहिल्या. मधल्या काळात उदगीरात पशुवैद्यकीय महाविद्यालय झाले, दुग्धतंत्रज्ञानाचेही झाले, आणि पाण्याच्या टंचाईसाठी ओळखल्या जाणाऱ्या या गावात मत्स्यविज्ञानाचेही महाविद्यालय आहे! ज्ञानाला आमचा विरोध कसा असेल? पण दुधाचे शास्त्र शिकविणारी संस्था चालू आणि दुधाचा कारखाना बंद, ही स्थिती मनास बोचते.

दुधाच्या ओहोटीमागे दुसरेही एक कारण आहे, ते शेतातले. गेल्या तीसेक वर्षांत लातूर, नांदेडच्या काळ्या जमिनीत सोयाबीनने ज्वारीची जागा मोठ्या प्रमाणावर घेतली. पैसा लवकर हाती येतो, पीक सुमारे तीन साडेतीन महिन्यांत निघते, म्हणून शेतकऱ्याने ते स्वीकारले यात त्याची चूक नाही. परंतु ज्वारी दाण्याबरोबर कडबा देई. कडब्याच्या गंजीवर बैलजोडी आणि गाय वर्ष काढीत. सोयाबीनचे भुसकट कडब्याची बरोबरी करीत नाही. कडबा महागला, बैल ठेवणे परवडेना, ट्रॅक्टर भाड्याने मिळू लागला. आणि बैल नको म्हटल्यावर देवणी गाय तरी कशासाठी, असा हिशेब घराघरांत झाला. शिवाय सोयाबीनचा भाव गावात ठरत नाही. परदेशात पीक किती आले, तेलाच्या आयातीवर दिल्लीने कर किती लावला यावर तो वरखाली होतो. दुधाचा भाव निदान गावाच्या कट्ट्यावर बोलता तरी येत असे.

पाण्याविषयी फार लिहीत नाही, कारण मराठवाड्याच्या दुष्काळाविषयी सर्वांनी पुष्कळ वाचले आहे. १९७२च्या दुष्काळात खडी फोडलेल्या हातांनी येथील कित्येक रस्ते व पाझर तलाव झाले. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून पाण्याने भरलेली आगगाडी लातूरला आणावी लागली. १२ एप्रिलला पोहोचलेल्या पहिल्या गाडीत दहा वाघिणी आणि पाच लाख लिटर पाणी होते, आणि देशभर त्याची छायाचित्रे छापून आली. उदगीरची तहान बनशेळकीच्या तलावाने भागेना म्हणून पुढे नांदेड जिल्ह्यातील लिंबोटी धरणातून नळयोजना झाली. पाऊस दडी मारतो त्या वर्षी जळकोट, अहमदपूरकडच्या तांड्यांतून कुटुंबेच्या कुटुंबे ऊसतोडीला वा हैदराबाद, पुण्याच्या बांधकामांवर जातात. घरी म्हातारी माणसे आणि शाळेत नाव असलेली, पण वर्गात नसलेली मुले राहतात. आपल्या शहरी धर्मग्रामांतील बांधकामावर ही माणसे आपण पाहिलेली असतील.

२०११च्या जनगणनेत उदगीर नगरपालिकेची लोकसंख्या एक लाखाच्या वर गेली. तालुक्याच्या गावासाठी ती लहान नव्हे. उदयगिरी महाविद्यालय १९६२ पासून चालू आहे, आणि त्याच्याच प्रांगणात एप्रिल २०२२ मध्ये ९५वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. अध्यक्ष कथाकार भारत सासणे होते. आपल्या वाचकांना आधीचे मराठवाड्यातील संमेलन आठवत असेल. जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबादेत, म्हणजे आजच्या धाराशिवात, ९३व्या संमेलनाचे अध्यक्षपद फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी भूषविले होते. उदगीर १९८२ पर्यंत ज्या जिल्ह्यात होते त्याच जिल्ह्याच्या गावी वसईच्या धर्मगुरूने मराठीच्या व्यासपीठावरून भाषण केले, आणि दोन वर्षांनी ते व्यासपीठ राज्याच्या अगदी कडेला, उदगीरला आले.

उदगीरचा वेगळा जिल्हा व्हावा ही मागणी जुनी आहे. आम्ही ती समजू शकतो. कचेरी आली की वकील, दवाखाना, खानावळ आणि चार पैसे येतात. तरी आम्हास वाटते ते असे की गावाला जिल्ह्याच्या पाटीपेक्षा दुधावर प्रक्रिया करणारा कारखाना आणि डाळींचा माल गावातच राखणाऱ्या गिरण्या अधिक उपयोगी पडतील, आणि त्यासाठी पूर्वेकडच्या सीमेपलीकडील शेतकऱ्यालाही उदगीरच्या बाजारात सोयीने येता आले पाहिजे. जनावरांच्या बाबतीत ती देवाणघेवाण पूर्णपणे थांबलेली नाही. बिदर जिल्ह्यातही देवणी जात पाळली जाते, आणि तेथील कानडी बोलणारा शेतकरी तिला आजही देवणी म्हणूनच ओळखतो.